पोटातले द्रावण आणि बाटलीची सोय

उदरावरण डायलिसिसचा इतिहास वाचताना एका प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात आम्ल साठते. त्याला आवर घालायला शरीर बायकार्बोनेट वापरते. आपल्या खायच्या सोड्यात असते तेच. मग रुग्णाच्या पोटात सोडायच्या द्रावणात इतकी वर्षे लॅक्टेट का? मी डॉक्टर नाही. जुने वैद्यकीय लेख चाळून हाती लागले ते मांडतो.

१९४६ साली बोस्टनच्या फाइन, फ्रँक आणि सेलिगमन यांनी सल्फा औषधाने मूत्रपिंडे बंद पडलेला एक रुग्ण या पद्धतीने वाचवला. त्यांच्या द्रावणात बायकार्बोनेटच होते. अडचण आली ती द्रावण बाटलीबंद करताना. वाफेने निर्जंतुक करताना बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निसटतो, द्रावण अल्कधर्मी होते आणि कॅल्शियमचा साका बसतो. गीझरमध्ये जमतो तसाच. शिवाय अंगातले जादा पाणी खेचण्यासाठी घातलेले ग्लुकोज अशा द्रावणात तापले की करपते. लॅक्टेट मात्र आम्ल द्रावणातही मुकाट टिकते, आणि शरीरात गेल्यावर यकृत त्यापासून बायकार्बोनेट तयार करून देते.

१९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॉर्टन मॅक्सवेल यांनी तयार बाटल्यांवर बेतलेली सोपी रीत मांडली आणि लॅक्टेट रुळले. पुढे पॉपोविच व मॉन्क्रीफ यांच्या पद्धतीने रुग्ण घरीच दिवसातून चार-पाचदा दोन-दोन लिटर द्रावण बदलू लागले. ही सोय लहान नव्हे. ॲसिटेटही वापरून झाले. पण उदरावरण जाड, घट्ट होण्याचे प्रकार दिसल्यावर ते मागे पडले.

किंमत मोजली ती पोटाने. रक्ताचा पीएच ७.४, द्रावणाचा साधारण ५.५. काहींना द्रावण आत जाताना दुखे. आम्ल ठेवूनही ग्लुकोज उष्णतेने थोडे विघटित होई, आणि ते घटक उदरावरणाच्या पेशींना घातक.

१९९०च्या दशकात तोडगा निघाला, तो अगदी स्वयंपाकघरातल्या अकलेचा: दोन कप्प्यांची पिशवी. एकीकडे आम्ल ग्लुकोज आणि कॅल्शियम, दुसरीकडे बायकार्बोनेट. मधला जोड दाबून उघडायचा आणि लगेच वापरायचे. कुठे लिटरमागे ३४ मिलिमोल निव्वळ बायकार्बोनेट, कुठे २५ बायकार्बोनेट आणि १५ लॅक्टेट. दुखणे कमी झाले.

पण सारा दोष लॅक्टेटच्या माथी मारणे मला पटत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधल्या १८५ रुग्णांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले नवे द्रावण लॅक्टेटचेच होते. फक्त दोन कप्प्यांचे, उदासीन पीएचचे. मूत्रपिंडांची उरलेली शक्ती घटण्याच्या वेगात ठोस फरक दिसला नाही, पण लघवी बंद पडायला अधिक काळ लागला आणि उदरावरणाचा जंतुसंसर्ग कमी झाला. म्हणजे खरा अपराधी आम्लता आणि उष्णता असावी, असे मला वाटते. तरी एका कप्प्याच्या आम्ल पिशव्या आजही खपतात. त्या स्वस्त पडतात, आणि पिशव्या रोज लागतात.