पुष्पबागेतलं पहिलं वर्ष

जून 1953. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेले तुम्ही सकाळी बडोद्याच्या फलाटावर उतरता. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली चित्रं. टांगेवाला गुजरातीत भाडं सांगतो, तुम्ही मराठीत घासाघीस करता आणि दोघांचंही काही अडत नाही. गायकवाडांचं शहर हे. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं, तेव्हापासून बडोदा मुंबई राज्यातच मोडतं.

घरी अजून धुसफूस चालू असेल. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या वेळी सगळ्यांनी कौतुक केलं. चित्रं काढून पोट भरायचं म्हटल्यावर मात्र वडील गप्प झाले. शेवटी त्यांनी मान डोलावली ती एका शब्दावर: पदवी. मुंबईच्या जे. जे.मध्ये डिप्लोमा मिळतो. इथे सयाजीराव विद्यापीठाची पदवी, शास्त्र आणि वाङ्मय शिकणाऱ्या पोरांसारखी. कुलगुरू हंसाबेन मेहता आणि पहिले डीन मार्कंड भट्ट यांच्या काळात, 1950 मध्ये, इथली ललितकलेची फॅकल्टी सुरू झाली.

फॅकल्टीच्या आवारात, पुष्पबागेत शिरता तेव्हा टर्पेंटाइनचा वास येतो. वर्गात डोंकीवर, त्या घोड्यासारख्या बाकावर, दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. समोर पाटावर एक म्हातारा मजूर, पाठ वाकलेली, हात गुडघ्यावर. तुम्ही झटपट नाक, डोळे, मिशा काढून मोकळे होता. गावाकडे याच मिशांना वाहवा मिळाली असती. सर मागे येऊन उभे राहतात, डोळे किलकिले करून बघायला सांगतात. पापण्या अर्ध्या मिटताच मिशा नाहीशा होतात. उरतो पाठीचा एक मोठा काळोख आणि खांद्यावर उजेडाची पट्टी. कोळशाची कांडी आडवी धरून तो काळोख आधी टाका. चुकलं तर पावाच्या मऊ गोळ्याने टिपून घ्या. अख्खी सकाळ एका पाठीत जाते, आणि जायलाच हवी.

शिल्पविभागात शंखो चौधुरी आहेत, शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्या हाताखाली तयार झालेले. तिथे तारेच्या सांगाड्यावर मातीचं डोकं उभं करायचं आणि संध्याकाळी निघताना ओल्या फडक्याने गुंडाळून ठेवायचं. विसरलात तर सकाळी माती तडकलेली, कान गळून पडलेला. पुन्हा माती मळा.

पण बडोद्याची खरी ताकद मला वेगळीच वाटते. शिकवणारे इथे तुमच्यासमोर स्वतः काम करतात. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे रंगवायला बसले की पोरं दाटीवाटीने मागे उभी राहतात. भरभर रंगवलेला भाग ते तितक्याच सहज पुसून टाकतात, आणि ते पुसणं बघून तुमची भीड चेपते. के. जी. सुब्रमण्यन तुम्हाला चित्राबरोबर खेळणी, विणकाम, मातीची भांडी बघायला लावतात. वरच्या वर्गात भावनगरचा ज्योती भट्ट आहे. पुढे याचाच कॅमेरा खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची, अंगणांतली चित्रं टिपून ठेवणार आहे.

दुपारी कलेचा इतिहास. पोरं कुरकुरतात: हाताने काम करणाऱ्याला सनावळ्या कशाला? तुम्हीही कुरकुरता. मग एका रविवारी सगळे गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात जाता. नंदलाल बोस यांनी 1939 पासून तिथल्या भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, कुरुक्षेत्र. ज्यांचे धडे तुम्ही घेता ते सुब्रमण्यन याच नंदलालांचे विद्यार्थी. कुरुक्षेत्राखाली मान वर करून उभं राहिल्यावर वर्गातला तास अंगावर येतो. एवढी माणसं, एवढे घोडे, तरी नजर अडखळत नाही. का? रेषेमुळे, की रिकाम्या सोडलेल्या जागांमुळे?

परतताना कमाटीबागेजवळ चहाला थांबता आणि तिथेच जुंपते. सौराष्ट्राचा मित्र म्हणतो, भिंतीवर गोष्टच हवी, गोष्ट नसेल तर लोक बघणार कशाला? तुम्ही म्हणता, गोष्ट ठाऊक नसलेला माणूसही त्या भिंतीसमोर थांबेल. तो मान्य करत नाही. तुम्ही त्याच्या वहीतलं पान फाडून घेता, रथांची नुसती रचना रेखाटून दाखवता. तो पेन्सिल हिसकावून त्यात अर्जुन काढतो. दोघांचे खिसे चाचपून होतात. आणे पुरतात, तेव्हा चहा आणखी एकदा सांगितला जातो.