मंत्रिपद मिळाले, मत मिळाले नाही

कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी 2015 साली मंत्रिमंडळात स्त्रिया व पुरुष समसंख्येने घेतले. ते स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवीत. पुष्कळांना ते नवल वाटले. परंतु स्त्रियांना मंत्रिपद देऊन त्यांचे समाधान करण्याचा प्रयोग फ्रान्सने 1936 सालीच केला होता, आणि तो आपण जरा निरखून पाहण्यासारखा आहे.

'स्त्रीवादी' हा शब्द मुळात फ्रेंचांच्या घरचा. धाकट्या द्यूमाने 1872 साली तो स्त्रियांची बाजू घेणाऱ्यांना हिणवण्यासाठी वापरला. दहा वर्षांनी युबर्तीन ओक्लेर या बाईंनी तीच शिवी बिरुदासारखी मिरवली. त्यांच्या लेखी अर्थ सरळ होता: मताचा हक्क. मत नाही तर करही नाही, असे म्हणून त्यांनी कर भरायचेसुद्धा नाकारले होते. पण शब्द रूढ झाला तसतसे ज्याने त्याने त्यात आपापले सामान भरले. 1896 पासून 'ख्रिस्ती स्त्रीवाद' बोलू लागला. त्याला धर्म आणि घर सांभाळून सुधारणा हवी होती. पुष्कळ समाजवादी म्हणत, आधी कामगार सुटू द्या, मागोमाग स्त्री सुटेलच. रॅडिकल पक्षीयांना मुलींच्या शाळा हव्या होत्या. मात्र मताचे नाव काढले की त्यांना पाद्री दिसे. बाई मत देणार ती पाद्र्याला विचारूनच, हा त्यांचा सिद्धान्त. (आपल्या बायकोला त्यांनी याबाबत कधी विचारले होते की नाही, कोण जाणे!)

1919 साली लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराचे विधेयक 344 विरुद्ध 97 मतांनी मंजूर केले. सीनेटने ते तीन वर्षे दाबून ठेवले आणि 1922 साली 156 विरुद्ध 134 मतांनी फेटाळले.

पुढे जून 1936 मध्ये लेऑन ब्लूम पंतप्रधान झाले आणि त्यांनी तीन स्त्रियांना उपमंत्री नेमले: शास्त्रज्ञ इरेन जोलिओ-क्यूरी, शिक्षिका सुझान लाकोर, आणि मताधिकारासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या सेसील ब्रुन्श्विग. टाळ्या पडल्या. पण या तिघींपैकी एकीलाही नगरपालिकेच्या निवडणुकीतसुद्धा मत टाकता येत नव्हते! विवाहित स्त्रीला कायद्याने असमर्थ ठरवणारी तरतूदही 1938 पर्यंत टिकली. जुलै 1936 मध्ये सभागृहाने मताधिकार पुन्हा जवळजवळ एकमताने मंजूर केला. सरकार मात्र तटस्थ राहिले आणि सीनेटने तो प्रश्न चर्चेलाच घेतला नाही. सरकार रॅडिकलांच्या पाठिंब्यावर उभे होते आणि सीनेटमध्ये त्यांचेच वजन होते. मला वाटते, ब्लूम ढोंगी नव्हते. पण नेमणूक करायला स्वतःची सही पुरते, हक्क द्यायला मित्रांशी भांडावे लागते.

त्याच वर्षी लुईझ वाइस यांनी सीनेटरांना पायमोजे वाटले. मताचा हक्क दिलात तरी तुमचे मोजे आम्ही रफू करूच, हा त्यातला टोमणा.

इकडे मुंबईच्या कायदेमंडळाने पात्रतेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना 1921 सालीच मत दिले होते. मोजक्याच बायकांना ते लाभले, हे खरे. पण पॅरिसच्या मंत्रीणबाईंना तेवढेही नव्हते.

फ्रान्समध्ये तो हक्क 21 एप्रिल 1944 च्या अध्यादेशाने आला आणि 1945 च्या वसंतात स्त्रियांनी पहिल्यांदा मते टाकली. ज्यू कुळातल्या ब्रुन्श्विगबाई युद्धकाळात नाव बदलून लपून राहिल्या होत्या. त्या हा दिवस पाहू शकल्या; 1946 साली त्या वारल्या.