फिलाडेल्फियाच का?

आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, डॉक्टर झाल्या आणि अकाली गेल्या, एवढे घरोघरी ठाऊक आहे. पण एवढ्या मोठ्या देशात त्यांनी फिलाडेल्फियाच का गाठले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

१८८३ साली स्त्रीला वैद्यकाची दारे फार थोडी उघडी होती. हार्वर्डच्या वैद्यकशाळेत मुलींचा प्रवेश झाला तो थेट १९४५ साली! पेनसिल्व्हेनियाचे वूमन्स मेडिकल कॉलेज मात्र १८५० पासून स्त्रियांकरिताच चालत होते. १८६१ साली त्याच शहरात स्त्रियांचे रुग्णालयही निघाले. त्यामुळे पुस्तकी विद्येला रोग्याच्या उशाशी मिळणाऱ्या अनुभवाची जोड होती. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली याही स्त्रीच.

शिवाय परमुलखात माणसे लागतात. गोपाळरावांचे पत्र मासिकात वाचून न्यू जर्सीतील रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी आपण होऊन पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई प्रथम उतरल्या त्या त्यांच्याच घरी.

दहा दिवसांचे मूल गमावलेल्या या मातेने प्रबंधास विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

त्यांच्यामागून त्याच कॉलेजातून १८८९ साली जपानच्या केइ ओकामी आणि १८९० साली सीरियाच्या सबात इस्लामबूली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.