लष्कर आले, दप्तर राहिले : चार ओळींवरचे भाष्य

लष्कर आले, दप्तर राहिले;
खास ते आम झाले;
गणवेश उतरला, खुर्ची राहिली;
मग मतपेटी आली.

1948 ते 1952 या काळातल्या, हैदराबाद संस्थानात असलेल्या परभणीच्या कारभाराला एक असा मूळ ग्रंथ नाही. म्हणून सूत्रेही मीच केली आणि भाष्यही मीच करतो आहे.

ओळ 1. 'लष्कर आले' : 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजामाने माघार घेतली. लोक याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. नाव पोलिसांचे, काम रणगाड्यांचे. मेजर जनरल जे. एन. चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले, पण अधिकार आला तो निजामाच्या 19 सप्टेंबरच्या फर्मानाने. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या सहीने राज्य चालवले. 'आले' या शब्दात काळी बाजूही आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या काळातल्या मुसलमानांवरच्या अत्याचारांची नोंद केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत परभणीला लागून असलेला नांदेड होता. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

'दप्तर राहिले' : जिल्ह्याचा अव्वल तालुकदार पुढे कलेक्टर झाला, तहसीलदार तहसीलदारच राहिला. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही तिकडी जागची हलली नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकार दलाच्या जाचाची आठवण ताजी असतानाही शेतसारा त्याच वहीत मांडला जात होता.

ओळ 2. 'खास' : सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी जमीन. तिचा वसूल सरकारी तिजोरीत न जाता थेट निजामाकडे जाई. 'आम झाले' : फेब्रुवारी 1949 मध्ये ती दिवाणी, म्हणजे सरकारी, मुलखात विलीन झाली, ऑगस्टमध्ये जहागिरी गेल्या. जहागिरी रद्द करणाऱ्या या कायद्यावर साल आहे निजामी महसुली गणनेचे, 1358 फसली. नव्या राजवटीचा सर्वांत धाडसी कायदा जुन्याच पंचांगाने निघाला. तोही लष्करी गव्हर्नरने काढलेला! पुढे 1950 चा कूळकायदा आला. त्याच्या 38-ई कलमाने मालक झालेल्या कुळांच्या नोंदी मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यांत आजही पुढे येतात.

ओळ 3. 'गणवेश उतरला' : 1949 संपता संपता चौधुरींचे पद संपले आणि आय.सी.एस. अधिकारी एम. के. वेलोडी मुख्यमंत्री झाले. 'खुर्ची राहिली' : लष्करी माणूस गेला तरी निवडून आलेला माणूस आला नव्हता. 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झाले, त्याच दिवशी निजाम राजप्रमुख झाला.

इथे अमेरिकेचे उदाहरण आठवते. 1787 नंतर ओहायो नदीपलीकडच्या मुलखावर आर्थर सेंट क्लेअर गव्हर्नर होते, 1791 मध्ये फौजेचे मेजर जनरलही झाले. त्याच वर्षी मूलनिवासींनी त्यांचा दारुण पराभव केला. वॉशिंग्टनने त्यांना सेनापतिपद सोडायला लावले; गव्हर्नरपद मात्र 1802 पर्यंत टिकले. पण पराभवाची चौकशी अमेरिकेच्या संसदेने उघडपणे केली. तिकडे हिशेब सभागृहात मागितला गेला, इकडे सुंदरलाल समितीचा अहवाल कपाटात गेला. फरक लष्कराचा नाही, पुढे विचारणाऱ्याचा आहे.

ओळ 4. 'मग' : या दोन अक्षरांत साडेतीन वर्षे आहेत. मार्च 1952 मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री झाले. 'मतपेटी आली' : परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे पाठवले. मुक्तीचे श्रेय सांगणाऱ्या काँग्रेसला पहिल्याच मतदानात ही जागा मिळाली नाही.

पुन्हा 'दप्तर' : 1956 ला जिल्हा मुंबई राज्यात, 1960 ला महाराष्ट्रात आला, 1999 ला हिंगोली वेगळी झाली. वही मात्र उघडतच राहिली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात फिरली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या कागदांना लष्कराने हात लावला नाही, त्यांवर आज आपण आपली जात, जमीन आणि हक्क शोधतो आहोत.