हौशी

चिकलठाण्याच्या प्रोझोन मॉलमधून अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाचा सिनेमा पाहून निघालो की मला 'हौशी' हा शब्द आठवतो. मूळ अरबी 'हवस', म्हणजे वेड, ध्यास. फारसीतून मराठीत येऊन त्याची 'हौस' झाली. हिंदीत 'हवस' वासनेकडे झुकली. मराठीने तिला लग्नकार्यात, डोहाळजेवणात, नाटकात मायेने नांदवलं. इंग्रजी 'अ‍ॅमेच्युअर'च्या मुळाशीही लॅटिन 'अमातोर' आहे, प्रेम करणारा.

हौसेला मोल नाही म्हणतात, पण फिल्मला होतं. १९६५ साली आलेल्या सुपर-एटचं ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांत संपे. रिव्हर्सल फिल्मला निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पडद्यावर जाई. तीच कापायची, चिकटवायची आणि हौशी चित्रपटांच्या स्पर्धेला बहुधा तीच एकुलती एक प्रत टपालाने धाडायची! परत येईपर्यंत जीव टांगणीला. ब्रिटनमधली 'टेन बेस्ट' स्पर्धा अशाच रिळांवर वाढली.

आता मोबाइलवर चित्रण करणाऱ्या मुलांना 'कंटेंट क्रिएटर' म्हणतात. मी त्यांना हौशीच म्हणतो.