जीर्णोद्धाराचा विवेक : क्रिस्तोफोरीचा पियानो

तंबोऱ्याच्या तारेचा नाद घोडीवाटे तबलीत उतरतो आणि तेथून सभागृहात पसरतो. पियानोत हेच कार्य तारांखालची लाकडाची रुंद, पातळ फळी करते. तिला ध्वनिफलक म्हणावे. एकट्या तारेने फारच थोडी हवा हालते. तिच्या कंपनाला श्रवणीय रूप येते ते या फलकामुळे.

जुना फलक पारखताना जाणकार प्रथम चिरा पाहतो. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. वर्षानुवर्षे हा क्रम चालला की ते रेषांच्या दिशेने उकलते. मात्र चीर पडली एवढ्यानेच फलक निकामी ठरत नाही. खालच्या फासळ्या त्याला घट्ट चिकटलेल्या आहेत की नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. त्या सुटल्या की स्वरात खरखर येते. पुढे खालून दोरा ताणून फलकाचा किंचित वर उचललेला बाक किती उरला आहे, हे मोजतात. चिरांत त्याच जातीच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या कातड्याच्या सरसाने बसवितात. ऊब आणि ओलावा दिल्यास हा सरस सुटतो. त्यामुळे आजची चूक उद्याच्या कारागिरास सुधारता येते.

परंतु फलकच बदलला तर? या प्रश्नाचे उत्तर पियानोच्या जनकाच्याच वाद्यांत सापडते. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) हा फ्लॉरेन्स येथे मेदिची राजघराण्याच्या पदरी होता. त्याच्या या नव्या वाद्याची नोंद तेथील १७०० सालच्या वाद्यसूचीत आढळते. तारांच्या ताणाने फलक वाकू नये, म्हणून त्याने तो बाहेरील पेटीपासून अलग अशा आतल्या चौकटीवर टेकविला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत : १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिग विद्यापीठाच्या संग्रहालयात.

यांपैकी न्यूयॉर्कचा पियानो वाजतो. पण त्याचा फलक १९३८ मध्ये बदलण्यात आला. त्याची स्वरमर्यादाही उत्तरकाळी सरकविली गेली. साहजिकच क्रिस्तोफोरीच्या कानी पडलेला नाद कसा होता, याची साक्ष तो देऊ शकत नाही. रोमचा पियानो किडीने पोखरलेला व मुका आहे. लाइपझिगचाही आता वाजविला जात नाही. तरीही अशा मूळ वाद्यांची मापे घेऊन कुशल कारागीर नव्या प्रतिकृती घडवितात आणि त्या प्रतिकृती वाजतात. फलक बदलणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे; मुके वाद्य कोणास रुचते? पण मुक्या वाद्याला पुढे केव्हाही प्रश्न विचारता येतात; काढून टाकलेल्या फलकाला ते विचारता येत नाहीत.

ग्रंथालयाच्या सभासदांस हा पेच परका नाही. जीर्ण पोथी नव्याने बांधताना कडा छाटल्या की समासातील शंभर वर्षांपूर्वीची टिपणे कायमची जातात. वाचकाला पोथी हाताळता यावी आणि तिची साक्षही पुसली जाऊ नये, यासाठी शक्य तेथे प्रत वाचावयास द्यावी, मूळ जपावे आणि दुरुस्ती करावीच लागली तर उलगडता येईल अशीच करावी.