स्पीकर निवडताना : कान, आवड आणि खोली

दुकानात भारावून टाकणारे स्पीकर घरी आणल्यावर आठवडाभरातच नकोसे होतात, असा अनुभव अनेक रसिकांना येतो. दोष बहुधा स्पीकरचा नसून निवडीच्या पद्धतीचा असतो. दोहोंपैकी किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला सरस भासतो. म्हणून तुलनेपूर्वी दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणणे अगत्याचे. फुगवलेला बास आणि झगमगता ट्रेबल पाच मिनिटे मोहवतात, मात्र दोन तासांच्या मैफलीत तेच कानांना शिणवतात.

आपण मुख्यत्वे काय ऐकतो, हा खरा प्रश्न. ख्यालगायनाच्या श्रोत्याला गळ्याचा पोत आणि तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू यायला हवी. बीबीसीने १९७०च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या फिरत्या गाड्यांसाठी ‘एलएस ३/५ए’ हा चिमुकला स्पीकर घडवला. त्यात खोल बास जवळपास नाही. तरीही मानवी आवाजाच्या सच्चेपणासाठी जाणकार तो आजही शोधतात. याउलट बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. रॉक संगीताच्या चाहत्याला मोठा वूफर किंवा स्वतंत्र सबवूफर लागतोच.

आवड ज्याची त्याची, हे मात्र अर्धसत्य. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून चाचण्या घेतल्या. कोणत्याही कंपनसंख्येला झुकते माप न देणाऱ्या स्पीकरना बहुतेकांनी पसंती दिली. थोडक्यात, किंमत आणि रूप पाहून डोळेही मत बनवत असतात!

शहरी सदनिकेत खोलीचा प्रभाव मोठा. समोरासमोरच्या भिंतींत १२ फूट अंतर असल्यास ४७ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी ठिकठिकाणी फुगतो वा विरतो. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की बास वाढतो, पुढे ओढला की आटोक्यात येतो. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. पडदे, गालिचा, पुस्तकांचे कपाट यांनी घुमणे कमी होते. शक्य असल्यास विक्रेत्याकडून जोडी घरी मागवून, पाठ असलेल्या ध्वनिमुद्रिका तीवर ऐकाव्यात.

अॅम्प्लिफायर आधीच घरात असेल, तर स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज देण्यासाठी ८६ डेसिबलच्या स्पीकरला दुप्पट वॅट लागतात.